फांगझंगची भिंत

चीनच्या ईशान्येला हेइलोंगजियांग प्रांतात, हार्बिनच्या पूर्वेस सुमारे 180 किलोमीटरवर, सोंगहुआ नदीकाठी फांगझंग नावाचा तालुका आहे. 2011 च्या जुलैअखेरीस तिथल्या प्रशासनाने एका स्मारक-बागेत दगडी भिंत उभारली. खर्च आला 7 लाख युआन. 1945-46 च्या हिवाळ्यात त्या परिसरात मेलेल्या जपानी वसाहतकऱ्यांपैकी 229 जणांची नावे तिच्यावर कोरली होती. सोबत त्या चिनी आईबापांचीही नावे होती, ज्यांनी मागे राहिलेली जपानी पोरे सांभाळली आणि जे आता हयात नव्हते.

3 ऑगस्टला वेगवेगळ्या प्रांतांतून पाच जण तिथे आले. त्यांनी भिंतीवर लाल रंग ओतला, हातोड्याचे घाव घातले. पोलिसांनी त्यांना पकडले आणि थोड्याच वेळात सोडून दिले. 5 ऑगस्टच्या रात्री प्रशासनाने स्वतःच भिंत काढून टाकली.

जेमतेम आठवडाभर टिकलेल्या या भिंतीचे प्रकरण नीट मांडावे असे मला फार दिवस वाटत होते. चीन आणि जपान म्हटले की आपल्याकडे समुद्रातली बेटे, युद्धनौका आणि पंतप्रधानांची विधाने एवढीच चर्चा होते. फांगझंगमध्ये मात्र माणसे एकमेकांच्या घरात राहिलेली होती, एका ताटात जेवलेली होती. अशा नात्याला चारचौघांत उभे राहायला जागा का मिळाली नाही, हे समजून घ्यायचे तर भिंतीपाशी सुरुवात करून चालत नाही. जमिनीपासून सुरुवात करावी लागते.

जमीन

जपानने 1931 मध्ये मांचुरिया, म्हणजे चीनचा हा ईशान्य भाग, घेतला आणि 1932 मध्ये तिथे मांचुकुओ हे आपल्या मुठीतले राज्य उभे केले. 1936 मध्ये टोकियोने ठरवले की वीस वर्षांत दहा लाख जपानी शेतकरी कुटुंबे तिथे वसवायची. प्रत्यक्षात 1945 पर्यंत सुमारे 2 लाख 70 हजार माणसे गेली. सर्वांत जास्त गेली ती नागानो या डोंगराळ प्रांतातून. रेशमाचे भाव कोसळल्याने तिथली खेडी कर्जात बुडाली होती. घरच्या धाकट्या मुलाला वाट्याला जमीन नाही, गावात काम नाही, आणि सरकार सांगते की पलीकडे वाटेल तेवढी काळी जमीन आहे. गरीब माणूस जातोच.

पण ती जमीन मोकळी नव्हती. तिच्यातला मोठा हिस्सा चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांनी कसलेला होता आणि तो नाममात्र किमतीत, बंदुकीच्या धाकाने घेतला गेला. फांगझंगला लागूनच असलेल्या यीलान तालुक्यात मार्च 1934 मध्ये तुलोंगशानच्या शेतकऱ्यांनी याच कारणावरून उठाव केला. त्यात एक जपानी कर्नल मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून आसपासची खेडी जाळली गेली. ज्यांची शेते गेली त्यांतले कित्येक जण पुढे त्याच शेतांवर वसाहतकऱ्यांचे मजूर झाले.

मराठी वाचकाची सहानुभूती चीन-जपान युद्धात स्वाभाविकपणे चिनी माणसाकडे जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. ती सहानुभूती रास्त आहे, ती सोडायची गरज नाही. तिच्यासकटच पुढचे वाचावे.

हिवाळा

1945 च्या उन्हाळ्यात जपानी सैन्याने वसाहतींमधले जवळजवळ सगळे धडधाकट पुरुष भरती करून नेले. मागे राहिल्या बायका, मुले, म्हातारी माणसे. 9 ऑगस्टला सोव्हिएत फौजा सरहद्द ओलांडून आत आल्या. ज्या क्वांतुंग सैन्याच्या, म्हणजे मांचुरियातल्या जपानी सैन्याच्या, भरवशावर या लोकांना सरहद्दीजवळ वसवले होते, त्याने दक्षिणेकडे माघार घेतली होती. वसाहतकऱ्यांना कुणी सांगितलेही नाही. 12 ऑगस्टला माशान येथे एका तांड्यातली चारशेहून अधिक माणसे, बहुतेक बायका आणि मुले, मेली. वाट बंद झाली असे समजून तांड्याने सामूहिक मरण पत्करले होते.

नदीच्या वाटेने हार्बिन गाठता येईल या आशेने हजारो लोक फांगझंगपर्यंत पायी आले. वाटेत चिनी गावांतून त्यांच्यावर हल्ले झाले, त्यांचे सामान लुटले गेले. दहा वर्षांचा राग एका आठवड्यात बाहेर पडत होता. फांगझंगजवळ ईहानतोंग नावाची जपानी वसाहत होती, ती आता रिकामी होती. त्या घरांत हे लोक दाटीवाटीने राहिले. थंडी उणे तीस अंशांच्या खाली जाणारी, अंगावर उन्हाळ्याचे कपडे, पोटात काही नाही, आणि त्यातच प्रलापक ज्वराची साथ आली. वसंतापर्यंत सुमारे पाच हजार माणसे मेली. जमीन गोठलेली असल्याने प्रेते पुरता आली नाहीत. ती एकावर एक रचून ठेवली गेली आणि पुढे रोगराईच्या भीतीने जाळली गेली. वसाहतकऱ्यांपैकी सगळ्या मांचुरियात मिळून मेलेल्यांचा आकडा साधारण 80 हजार सांगितला जातो.

ज्यांनी दार उघडले

या प्रकरणाचा गाभा इथे आहे असे मला वाटते, म्हणून इथे थोडे थांबतो.

त्या हिवाळ्यात फांगझंगच्या चिनी कुटुंबांनी जपानी मुलांना घरात घेतले. काही ठिकाणी मरायला टेकलेल्या आईने मूल हातात दिले. काही ठिकाणी बाईने स्वतः चिनी पुरुषाशी लग्न केले, कारण त्याशिवाय तिची मुले जगली नसती. काही ठिकाणी धान्याच्या मोबदल्यात मूल घेतले गेले. घेणाऱ्यांची कारणेही एकसारखी नव्हती. कुणाला मूलबाळ नव्हते. कुणाला पुढेमागे सून म्हणून मुलगी हवी होती, कारण हुंडा देऊन बायको आणण्याची ऐपत नव्हती. त्या भागात पैसे वरपक्ष वधूपक्षाला देई. कुणाला शेतावर हात हवे होते. आणि कुणाला समोर थंडीने काकडत असलेले पोर बघवले नाही, एवढेच.

पुढे या कथांवर मैत्रीची भाषणे झाली तेव्हा पहिली तीन कारणे गाळली गेली आणि फक्त दया उरली. मला ते बरोबर वाटत नाही. गरजेपोटी घेतलेले मूलही पुढे आजारी पडते, रात्रभर रडते, त्याच्यासाठी स्वतःच्या तोंडचा घास काढावा लागतो. 1959 ते 1961 च्या दुष्काळात, जेव्हा सख्खी मुले जगवणे कठीण होते, तेव्हाही या घरांतली दत्तक मुले जेवली. ज्याने सून हवी म्हणून मुलगी घरात आणली आणि दुष्काळात तिला उपाशी ठेवले नाही, त्याच्या माणुसकीला मी कमी लेखू शकत नाही.

हे करताना शेजाऱ्यांचा रोष पत्करावा लागे. जपान्यांनी ज्याचा भाऊ मारला, त्याच्या शेजारच्या घरात जपानी पोर वाढत होते. शाळेत त्या पोराला ‘जपानी भूत’ म्हणून चिडवले जाई. अनेक आईबापांनी मुलाला त्याचा जन्म कुठला हे शेवटपर्यंत कळू दिले नाही. काहींनी त्यासाठी गाव बदलले. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत (1966-76) जपानी रक्त म्हणजे हेरगिरीचा संशय, आणि त्याची झळ पाळणाऱ्या आईबापांनाही लागे.

कबर

1963 मध्ये फांगझंगमध्ये राहणाऱ्या एका जपानी बाईला शेताची नवी जमीन काढताना मानवी हाडे मिळाली. ती त्या हिवाळ्यातून वाचली होती, तिने स्थानिकाशी लग्न केले होते. ही आपल्या माणसांची हाडे आहेत हे तिने ओळखले आणि पुरायची परवानगी मागितली. अर्ज तालुक्यातून प्रांताकडे आणि तिथून बीजिंगला गेला. पंतप्रधान झोउ एनलाय यांनी होकार दिला. हे वसाहतकरीही जपानी लष्करशाहीचेच बळी आहेत, अशी भूमिका होती. त्याच वर्षी ‘फांगझंग परिसर जपानी नागरिकांची सार्वजनिक कबर’ तयार झाली. तेव्हा चीन आणि जपान यांच्यात राजनैतिक संबंधही नव्हते. ते 1972 मध्ये आले. पुढे जलाशयाच्या कामामुळे कबर हलवावी लागली. सांस्कृतिक क्रांतीतही ती राखली गेली. 1984 मध्ये माशानच्या मृतांच्या अस्थीही शेजारी आणल्या.

1995 मध्ये तिच्याच जवळ आणखी एक कबर बांधली गेली, चिनी पालक-मातापित्यांची. ती कुणा सरकारने बांधली नाही. फांगझंगमध्ये वाढून जपानला परतलेल्या एका अनाथाने स्वतःच्या खर्चाने ती उभारली. ज्यांनी जमीन घेतली त्यांची हाडे आणि ज्यांनी त्यांची मुले वाढवली त्यांची स्मृती, दोन्ही एकाच कुंपणात. या कबरींवर कधी दंगा झाला नव्हता. हे लक्षात ठेवावे लागेल.

तांदूळ

फांगझंगशी जपानचा आणखी एक धागा आहे आणि तो भाताच्या शेतातून जातो. इवाते प्रांतातल्या सावाउची या बर्फाळ खेड्यातले शेतकरी फुजिवारा चोसाकु 1980 मध्ये कबरीच्या दर्शनाला येणाऱ्या एका मंडळासोबत फांगझंगला आले. वय अडुसष्ट. त्यांनी तिथली भातखाचरे पाहिली आणि उत्पन्न किती निघते ते विचारले. पुढच्याच वर्षी ते बियाणे आणि अवजारे घेऊन परत आले.

त्यांची पद्धत आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. चिखलात दाट रोप टाकायचे नाही. कोरड्या गादीवाफ्यावर, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली, विरळ पेरून जाडजूड रोप करायचे. त्यामुळे बाहेर थंडी असतानाच रोप तयार होते आणि आखूड उन्हाळ्याचे काही आठवडे हाती लागतात. लावणीही विरळ करायची, म्हणजे प्रत्येक चुडाला भरपूर फुटवे येतात. पाणी कमी लागते, बियाणे कमी लागते आणि पीक जास्त येते. ते वर्षानुवर्षे उन्हाळ्यात येत राहिले, शेतकऱ्यांसोबत चिखलात उतरत राहिले. पद्धत आधी प्रांतभर आणि मग उत्तर चीनमध्ये दूरवर पसरली. फांगझंगचा तांदूळ आज चीनमध्ये नावाजलेला आहे. फुजिवारा 1998 मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींचा काही भाग फांगझंगला आणला गेला आणि त्याच बागेत त्यांचे स्मारक झाले.

परतलेले आणि राहिलेले

मार्च 1981 मध्ये 47 अनाथांचा पहिला गट नातेवाईक शोधायला सरकारी खर्चाने जपानला गेला. जपान सरकारने पुढे एकूण 2,818 जणांना अनाथ म्हणून मान्यता दिली. 1945 मध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांनाच अनाथ मानले गेले. तेरा आणि त्यावरच्या मुलींनी आपल्या मर्जीने चीनमध्ये राहणे पसंत केले, असे सरकारचे म्हणणे होते. उपाशी पोरीच्या लग्नाला मर्जी म्हणणारा हा नियम मला आजही संताप आणतो. सप्टेंबर 1993 मध्ये अशा बारा वृद्ध स्त्रिया कुणाची हमी नसताना नारिता विमानतळावर उतरल्या आणि आम्हांला घरी घ्या म्हणाल्या. त्यानंतर, 1994 मध्ये, कायदा झाला. नीट निर्वाह-साहाय्य मिळायला मात्र न्यायालयात लढावे लागले आणि 2007 उजाडावे लागले. चीनमध्ये जपानी म्हणून हिणवलेली माणसे जपानमध्ये चिनी म्हणून हिणवली गेली.

मागे राहिलेल्या चिनी आईबापांचे काय? 1980 च्या दशकात दोन्ही सरकारांत करार झाला. मुलगा किंवा मुलगी जपानला कायमची गेली तर म्हाताऱ्याला महिना 60 युआन या दराने 15 वर्षांचे पैसे एकरकमी, म्हणजे 10,800 युआन, मिळणार. निम्मी रक्कम जपान सरकारची, निम्मी देणग्यांतून. सत्तरीतल्या आईने चाळीस वर्षांच्या मुलाला पाठवले आणि हातात हे पैसे आले. काही मुले दरवर्षी भेटायला आली, काही आली नाहीत. जपानमध्ये मजुरी करणाऱ्याला विमानाचे तिकीट परवडत नसे.

अनाथांमागोमाग त्यांची मुले, सुना, नातवंडे गेली. मग लग्ने लागून आणखी लोक गेले. फांगझंगमधून हजारो माणसे जपानमध्ये स्थायिक झाली आणि त्यांच्या पैशाने गाव बदलले. दुकानांच्या पाट्यांवर चिनीखाली जपानी अक्षरे आली आणि ती लावण्याचा आग्रह तालुका प्रशासनच धरू लागले. जपानी गुंतवणूक यावी ही त्यांची इच्छा उघड होती.

भिंत का पडली

आता 2011 कडे येऊ. भिंतीची बातमी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर पसरली ती अशी: तालुक्याने जपानी आक्रमकांसाठी स्मारक बांधले, तेही गुंतवणुकीच्या लोभाने. पालक-आईबापांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी नव्हताच. जनक्षोभ प्रचंड होता. अधिकाऱ्यांनी खुलासा केला की इतिहासातून धडा घ्यावा म्हणून हे केले. कुणी ऐकले नाही.

रंग ओतणाऱ्यांनी जे केले ते चूक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या नावांमधली कितीतरी नावे लहान मुलांची आणि त्यांच्या आयांची होती. पण संतापलेल्या सगळ्यांना भडक माथ्याचे ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट होती. भिंतीवर वसाहतकऱ्यांची नावे होती. ज्यांची जमीन गेली त्यांची नव्हती. तुलोंगशानच्या शेतकऱ्यांचे नाव नव्हते. परगावच्या माणसाने ती भिंत पाहिली तर त्याला काय दिसणार? शत्रूच्या माणसांची नावे दगडात कोरलेली, आणि कोरणारे आपले सरकार. मेलेल्याचे नाव दगडात कोरणे हा चीनमध्ये मानाचा मामला आहे. निनावी कबर म्हणजे पुरण्याची माणुसकी, आणि नावांची भिंत म्हणजे सन्मान, असा फरक लोकांनी केला. 1963 पासून कबर शांतपणे राहिली आणि भिंत आठवड्यात गेली, याचे मला सापडणारे सर्वांत पटणारे कारण हेच आहे.

दुसरे कारण पैशाचे. अनाथाने पदरचे पैसे घालून बांधलेल्या कबरीच्या हेतूवर कुणी संशय घेऊ शकत नव्हते. तालुक्याने तिजोरीतून 7 लाख युआन काढले, आणि तोच तालुका जपानी उद्योजकांना आवतण देत होता. आईबापांच्या ऋणाची गोष्ट आणि गुंतवणुकीची जाहिरात एकत्र आली की लोक जाहिरातच पाहतात. प्रशासनाने लोकांना आधी विश्वासात घेतले असते, म्हाताऱ्या चिनी आईबापांपैकी जे जिवंत होते त्यांना पुढे बसवले असते, तर बाहेरून आलेल्या पाच जणांसमोर उभे राहायला गावातले कुणीतरी असते. तसे काही झाले नाही. नाते गावकऱ्यांचे होते आणि त्याच्या वतीने बोलली फक्त कचेरी.

तिसरी गोष्ट भीतीची आहे. अधिकाऱ्यांनी रात्रीत भिंत पाडली, कारण वाद घालण्यापेक्षा ते सोपे होते. त्यात पालक-आईबापांची नावेही गेली. देशप्रेमाच्या नावाखाली झालेल्या या कृत्याने सर्वांत जास्त अवमान केला तो या चिनी माणसांचा. त्यांनी देशाशी काही वावगे केले नव्हते. शत्रूने टाकून दिलेले मूल वाढवले होते.

याच विषयाची जपानी बाजू नागानोत आची गावात पाहायला मिळते. तिथल्या चोगाकुजी मंदिराचे भिक्षू यामामोतो जिशो यांनी अनाथांचे नातेवाईक शोधण्यात आयुष्य घालवले. ते 1990 मध्ये वारले. त्याच गावात एप्रिल 2013 मध्ये मांचुरियातल्या वसाहतकऱ्यांचे स्मृती-संग्रहालय सुरू झाले. तिथे वाचलेल्या लोकांनी स्वतः उभे राहून शाळकरी मुलांना सांगितले आहे की आम्ही ज्या घरांत राहायला गेलो ती दुसऱ्यांची होती, तिथल्या चुलीही दुसऱ्यांच्या होत्या. आपले दुःख सांगण्याआधी हे सांगणे त्यांना जड गेले असणार. जपानमध्येही त्यांच्यावर टीका झाली की मेलेल्यांना दोषी ठरवता. तरी त्यांनी सांगितले.

फांगझंगची बाग आजही आहे, दोन्ही कबरी आहेत. भिंत पुन्हा बांधायचा विचार कधी कुणी केला, तर सुरुवात यीलान आणि फांगझंगच्या ज्या कुटुंबांची शेते गेली त्यांच्या नावांनी व्हावी. त्यानंतर पालक-आईबापांची नावे यावीत आणि शेवटी हिवाळ्यात मेलेल्यांची. बांधकामाचा खर्च तालुक्याने करू नये; जपानला गेलेल्या कुटुंबांची आता तिसरी पिढी कमावती आहे. आणि मजकूर काय असावा हे गावात, म्हाताऱ्यांसमोर, उघड्यावर वाचून ठरवावे.